चालताना बोलता आलं पाहिजे

“मावशी, हा सीओपीडी आहे,” वसमतचे छातीचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या नळ्या कायमच्या अरुंद होणं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तो जास्त होतो, हे ते सांगत होते तेवढ्यात आई उठून उभी राहिली.

“बिडी? म्या? आमच्या कुरुंद्यात कुणालाबी इचारा.”

“चुलीचा आणि हळद शिजवतानाचा धूरही तेच करतो,” डॉक्टर म्हणाले. आईला पटलं नाही. बसमध्ये म्हणाली, “रिपोर्ट दुसऱ्याचा असंल, बाई. बघ तू नीट.”

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, म्हणून दवाखान्याचा प्रत्येक कागद माझ्याकडे येतो. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून श्वासाची ताकद मोजण्याची तपासणी. त्या कागदावर नाव आईचंच होतं. बाकी मला फारसं कळलं नाही.

आईचं दुःख एकच होतं. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. खांबाजवळची जागा तिची. मागच्या वर्षी दम लागतो म्हणून ती गेलीच नाही. माझ्या भावाच्या गाडीवर बसायला तयार नव्हती. “लोक म्हणतील, म्हातारी संपली.”

पुढच्या खेपेला रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी फार कमी निघालं. हाडांना आणि स्नायूंना लागणारं हे जीवनसत्त्व अंगावर ऊन पडल्यावर शरीरात तयार होतं.

“जल्म उन्हात गेला माझा,” आई म्हणाली. “यांला फसवायला आमीच घावलो का?”

या वेळी शंका मलाही आली. लॅब आणि औषधाचं दुकान दवाखान्याच्याच जिन्याखाली होतं. मी आईला हिंगोलीला नेऊन दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. तिथंही तेच निघालं.

दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवताना मला संकोच वाटला. ते रागावले नाहीत. आईला विचारलं, “शेतात कामाला जाताना अंगावर काय असायचं?”

आईने हातवारे करून दाखवलं. लुगड्यावर बापूंचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लांब बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल, हातात जुने मोजे. “नुसते डोळे उघडे,” म्हणाली आणि स्वतःच हसली.

“आणि आता दिवसभर घरात,” डॉक्टर म्हणाले. “हेच एक कारण असेल असं नाही. पण एक ऐका. व्हिटॅमिन डीच्या या पुडीनं फुफ्फुस नीट होणार नाही. कमी आहे तेवढं भरून निघेल. दम कमी करायचा तर इन्हेलर रोज, आणि चालणं.”

विकायला बसलेला माणूस असं बोलत नाही, असं मला पहिल्यांदा वाटलं. आईला वेगळंच वाटलं. “दम लागतो म्हणून आले, आन् हा मला चालाय लावून राहिला. मारायचा बेत हाय का?”

डॉक्टरांनी तिला एकच खूण दिली. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की थांबायचं, बसायचं, श्वास परत आला की उठायचं.

सकाळच्या उन्हात आमच्या गल्लीत चालणं सुरू झालं. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं ऑक्सिमीटर घरी आणलं. शेजारच्या काकूंच्या बोटाला लावून खात्री केल्याशिवाय आई ते स्वतःला लावायची नाही. “सगळ्यांलाच आजारी म्हणतंय का बघू दे आधी.”

तुमच्या घरी असं आजारपण आलं तर शंका मनात ठेवू नका, डॉक्टरांना तोंडावर विचारा. पण शंकेपायी इन्हेलर बंद करू नका.

या वर्षावासात आई विहाराकडे पायी निघाली. मी शेजारी. हापशीजवळ ती दम लागायच्या आधीच थोडा वेळ टेकली, मग पुन्हा चालू लागली. खांबाजवळच्या जागेवर बसेपर्यंत तिची बडबड चालूच होती. तो डॉक्टर काही खरा नाही, गोडगोड बोलतो, त्याची ती पुडी नुसती साखर असंल, आन् तू शिकून बी भोळीच राहिली.

मी ऐकत होते. एकही वाक्य तुटलं नाही.