वीतभर सिमेंट

भिंतीला हात लावण्याआधी ते चपला काढायचे, मधल्या बोटाने दोनदा टकटक करायचे आणि कान लावायचे. "आधी इचारायचं," म्हणायचे, "मग हात लावायचा."

असे जुने गवंडी तुम्हीही पाहिले असतील. निर्मळहून सायकलवर येणारे हे आमचे मिस्त्री. वसईतल्या आमच्या छोट्या प्रॉटेस्टंट चर्चच्या चुन्याच्या भिंती त्यांनीच वर्षानुवर्षं सांभाळल्या. मी आचोळ्यात राहणारा सिव्हिल इंजिनीअर. चंदनसारला सात मजले उभे केलेला, म्हणजे सर्वज्ञच! दुरुस्ती कमिटीने मला विचारलं. मी मिस्त्रींना विचारलं नाही. वेदीमागच्या भिंतीला बाहेरून झकास सिमेंट फासलं. वर भाषणही ठोकलं.

पुढच्या पावसाळ्यात सिमेंटमुळे भिंतीत पाणी कोंडलं आणि आतल्या बाजूचा चुना फुगून फुटला. आत वेदीच्या वर पणजोबांच्या काळी रंगवलेलं बायबलचं वचन आहे. आमच्याकडे मूर्ती नाही, चित्र नाही. शोभा म्हणाल तर ती एक ओळ. माझी आई त्या अक्षरांवर वाचायला शिकली. त्यातलं पहिलं अक्षर पोपडा होऊन खाली पडलं, तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"सिमेंट काढायला पायजे," मिस्त्री म्हणाले. "पन बाहेरून छिन्नी मारली की आत अक्षरं पडनार. तुम्ही आत शिडीवर ऱ्हावा. दोन्ही हात वचनावर. हललं की ओरडा."

आठ दिवस मी शिडीवर. इंजिनीअरसाहेब हात वर करून उभे, मिशीत चुना! पाळकसाहेब हसू दाबत येऊन बघून जायचे. बाहेरून आवाज यायचा, "साहेब, धरलंय ना?"

एकदा मी विचारलं, "मिस्त्री, तुम्ही आमच्या धर्माचे नाही. एवढा जीव का टाकता?"

"देव तुमचा," ते म्हणाले. "भिंत माजी."

पुढचं एकही अक्षर पडलं नाही. मग त्यांनी बाहेरून चुन्याचा गिलावा केला, पण खालच्या कोपऱ्यात, अक्षरांपासून लांब, माझं वीतभर सिमेंट तसंच ठेवलं.

"हे राहिलं की!"

"ऱ्हाऊ दे. पावसात इथंच ओल येल. तुमच्या ध्यानात ऱ्हाईल."

मला राग आला. कान पकडून वर्गात उभं केल्यासारखं वाटलं.

मिस्त्री गेले त्याला दोन वर्षं झाली. फार आठवण येते. चर्चच्या भिंतींवर मोठमोठ्या दिवंगतांच्या संगमरवरी पाट्या आहेत, त्यांची नाही. परवा कोपऱ्यात पुन्हा ओल उमटली. नवे पाळक म्हणाले, "एवढं उरकून टाका ना."

मी चपला काढल्या, त्या ओलीवर दोनदा टकटक केलं.

"राहू दे, पाळकसाहेब," म्हटलं. "आमच्या मिस्त्रींची तेवढीच पाटी आहे."