हगाम्याच्या कडेला

“मास्तर परत आला वाटतं. आता बघ, कुस्ती ऱ्हायली बाजूला, तेच इचारनार.”

माझ्या मागे कोणीतरी हे म्हणालं, आणि सरांनी खरंच तेच विचारलं. “ही जोड कोणी लावली?”

घोडेगावच्या पुढच्या एका गावातला यात्रेचा हगामा. तुम्हीही पाहिला असेल: पैलवान हात वर करून मैदानाला फेरी मारतात आणि कोणाची कुस्ती कोणाशी, ती जोड पंच लावतात. सर समाजशास्त्राचे. परदेशात त्यांनी काळ्या खेळाडूंवर संशोधन केलं होतं. इथे आल्यावर कुस्ती, जात आणि राजकारण घेऊन बसले. मी त्यांची सहायक, इंग्रजी शाळेत शिकलेली, गर्दीत तोंड न उघडणारी. मी फक्त रेकॉर्डर धरायचे.

“सर, लंगोट लावा, तुमची बी कुस्ती लावतो!” पंच हसायचे.

“चालेल. पण माझी जोड कोण लावणार?” सर चष्मा पुसत विचारायचे. भीती वाटली की ते चष्मा पुसतात, हे मला उशिरा कळलं.

“मातीत कोणी कोणाला अडवत नाही,” ते म्हणायचे. “अडवतात ते मातीत उतरायच्या आधी.”

गावाबाहेरच्या वस्तीतला एक पैलवान दरवर्षी जिंकायचा, पण त्याच्यासमोर नवखेच यायचे. शेवटची मानाची कुस्ती पुढाऱ्याच्या पुतण्याची. निवडणुकीच्या फ्लेक्सवर फोटोही त्याच कुस्तीचा.

या दोघांची जोड का लागत नाही, असं सरांनी एका संध्याकाळी सगळ्यांसमोर विचारलं. हलगी थांबली. पांढऱ्या कपड्यातल्या एकाने सरांच्या खांद्यावर हात ठेवला. बघितलं मात्र माझ्याकडे.

“सर, ताईंना उजेडात घरी पोचवा. रस्ता लई वाईट हाय.”

सरांनी चष्मा काढला. पुसतच राहिले. मग मला घेऊन गाडीकडे निघाले.

नगर येईपर्यंत आमच्या गाडीमागे दोन मोटारसायकली होत्या. सर एकदाच बोलले, “मागे बघू नकोस.”

नंतर ते कुठल्याच हगाम्याला गेले नाहीत. मी सोबत होते म्हणून ते गप्प बसले, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. वर्षभरात नोकरी सोडून मुलाकडे निघून गेले.

यंदा मी एकटीच गेले. कडेला सर उभे राहायचे तिथेच उभी राहिले. वस्तीतला तो पैलवान हात वर करून फिरला, आणि पंचांनी पुन्हा एक कोवळा पोरगा त्याच्यासमोर आणला. पांढऱ्या कपड्यातल्याने मला ओळखलं. तो सावकाश माझ्याकडे चालत येऊ लागला. पुसायला माझ्याकडे चष्माही नव्हता.

मी बोलले, पण हलगीपुढे ते मलाच ऐकू आलं नाही. म्हणून पुन्हा, मोठ्याने म्हणाले,

“ही जोड कोणी लावली?”