निरंक

आमच्या छतातली झोपाळ्याची रिकामी कडी पाहिली की मला अजून घरावर कुणाचा हक्क किंवा कर्ज नाही ना, हे जुनी रजिस्टरं तपासून सांगणारा सर्च रिपोर्ट आठवतो. घर घेताना तो दीड महिना अडला होता. "एका वर्षाचं रजिस्टर बाइंडिंगला गेलंय," वकील गंभीरपणे सांगत. रिपोर्टाशिवाय बँक कर्ज देईना. काका गेल्यावर घर विकायला काढलेल्या काकूंकडे मी दिलगिरी घेऊन जाई आणि चहा पिऊन येई. त्यांना घाई नव्हती. ज्या वर्षाचं रजिस्टर मिळत नव्हतं, नेमक्या त्याच वर्षी त्या इथे राहायला आल्या होत्या. काकांनी पहिल्याच दिवशी ती कडी बसवली होती.

अखेर तीन शिक्क्यांचा कागद आला. शेरा एकच: 'निरंक'.

"म्हणजे काय हो?" काकूंनी विचारलं.

"या घरात कुणाचं काही अडकलेलं नाही."

काकूंनी वर पाहिलं. "मग नीट शोधलं नाही त्यांनी."