लेकीच्या सालातला पाऊस

आजोबांची पंचाहत्तरी करायची ठरली, तेव्हा त्यांचं खरं जन्मसाल कोणालाच सांगता येईना. दाखल्यावर गुरुजींनी अंदाजाने टाकलेला एक जून आणि तसंच साल होतं, त्याला काय अर्थ? घरात याद्या करायचं काम माझं. वही घेऊन मी गावातल्या म्हाताऱ्या सुईणीकडे गेले. आजोबांची नाळ तिच्या आईने कापली होती.

"मानमोडीच्या सालातला हाय तुजा आजा," ती म्हणाली. "माय सांगायची, इकडं मढी उचलायलेत आन तिकडं ह्यो बोंबलायलाय."

म्हणजे १९१८. त्या साली काय काय घडलं ते मी लिहिलं: तापाची साथ, दुष्काळ, महायुद्ध संपलं.

मी उठले तशी ती म्हणाली, "आन तुज्या लेकीच्या साली काय झालं, ते लिव्हलं का?"

"लिहिते की, आजी."

माझी मुलगी अठ्ठ्याहत्तरची, माहेरी झालेली. आमच्याकडे बाळंतिणीचा विटाळ बारा दिवस. तेवढेच दिवस या सुईणीचा हात घराला चालायचा. तेराव्या दिवशी ती पुन्हा अंगणात. माझ्या वेळी सातव्या दिवशी ती आलीच नाही. तापवलेलं पाणी निवलं. "सांगून तरी जायचं!" मी आईपाशी तिच्यावर चिडले आणि बाळाच्या वहीत तारखेपुढे नोंद केली: न्हाणं राहिलं. दुपारी कळलं, नामांतराच्या दंगलीत आदल्या दिवशी बौद्धवाड्यातली घरं जाळली, तिचंही. जाळणारे आमच्याच गावातले होते. ती नोंद मी खोडली नाही, खाली काही लिहिलंही नाही.

पंचाहत्तरीला मी आजोबांच्या सालाची यादी वाचली. सगळ्यांना इतकी आवडली की जो तो आपलं साल विचारू लागला. माझी तयारी होती, प्रत्येकाची एक ओळ. फक्त मुलीची ओळ दोनदा लिहून दोनदा खोडलेली.

"आई, माझं?"

समोर गाव बसलेलं. मांडवाच्या कडेला सुईण.

"त्या साली पाऊस बरा झाला," मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. सुईण काठी टेकत उठली. जाता जाता मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "व्हय गं बाई, लय पाऊस. आमाला छप्परच न्हवतं, आमी सगळाच बघितला."

मुलगी हसली, मग माझ्याकडे बघत राहिली. मी वहीत मान घालून पुढचं साल वाचलं.