पप्पांची जुनी गाणी

मंगळवारी पप्पा गेले. आईने चहा ठेवला होता. तो कोणी घेतला नाही.

मग घरात माणसांची ये-जा सुरू झाली आणि एका प्रश्नाने मला धरलं. सुतकात तो कुणाला विचारण्यासारखा नव्हता. पप्पांना ती इंग्रजी गाणी खरोखर आवडायची, की इतकी वर्षं ते नुसत्या हट्टाने ऐकत होते?

पप्पा चाकणच्या एका कंपनीची बस चालवायचे. थेरगावातून कामगार घ्यायचे आणि कंपनीच्या गेटवर उतरवायचे. मी बारावीत असताना त्यांनी काळेवाडीतल्या एका मोबाइलच्या दुकानात पेनड्राइव्ह दिला आणि सांगितलं, "जुनी गाणी भरून दे." दुकानदाराने भरली. होती जुनीच, पण इंग्रजी. गिटारी, ढोल आणि जिवाच्या आकांताने ओरडणारे पुरुष.

घरी स्पीकरला लावल्या लावल्या आईची विळी थांबली. "अहो, हा गातोय की ह्याला कोणी मारतंय?"

आपण फसलो हे पप्पांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. पण पाहुण्यांच्या लग्नाला जाताना रस्ता चुकला, तरी "मुद्दाम इकडून आणलं, हवा बरी आहे" म्हणणारा हा माणूस. ते म्हणाले, "हीच सांगितली होती मी. तुला काय कळणार त्यातलं!"

"तुम्हाला कळतंय?"

"कळायचं काय त्यात? ऐकायचं असतं."

एकदा असं म्हटल्यावर ऐकणं भागच होतं. पप्पा रोज संध्याकाळी खुर्चीत ताठ बसून, परीक्षा द्यावी तसे ऐकायचे. मला वाटलं, आठवडाभरात शरण येतील. आठवड्याने ते गायला लागले. इंग्रजी येत नसल्यामुळे कानाला जे लागेल ते मराठीत गायचे. एका गाण्याचं धृपद त्यांना "गॅस बंद कर" असं ऐकू यायचं. ते बाहेरच्या खोलीतून टिपेला जाऊन गायचे आणि आतून आई ओरडायची, "बंदच आहे!" खरे शब्द मला माहीत होते. मी सांगितले नाहीत. पप्पांचेच जास्त नीट बसत होते.

मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली असायची. एका गाण्यात शब्द संपतात आणि गिटार एकटीच कितीतरी वेळ पुढे जात राहते. ते चालू असताना एकदा मी पुस्तकातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. पप्पांनी ते पाहिलं.

"आवडलं ना?"

"हं."

"मग मोठ्याने सांग. आईला ऐकू जाऊ दे."

तेव्हापासून मला खरंच आवडतं. म्हणूनच तो प्रश्न छळत होता. त्यांनी नुसतं आईपुढे नाक वर ठेवण्यासाठी ऐकलं असेल, तर आमच्या दोघांचं म्हणून जे काही होतं, ते मी एकटीनेच धरून ठेवलं होतं.

दहाव्यानंतर त्यांच्या बसमधले एक काका भेटायला आले, थेरगावचेच जुने. चटईवर बसले. मी विचारलं, "काका, बसमध्ये पप्पा इंग्रजी गाणी लावायचे का हो?"

"न्हाई ओ ताई. आमी झोपायचो ना. कुनी लावू देतंय व्हय!" मग त्यांना काहीतरी आठवलं. "एकदा डबा इसरला म्हनून गेटवरनं माघारी गेलो. बस रिकामी. आत निस्ता दणदणाट. तुमचे वडील डोळे मिटून इस्टेरिंग बडवत्यात, दोन्ही हातांनी. मला वाटलं, अंगात आलं का काय! दार वाजवलं, तर म्हनले, 'थांब राव, संपू दे. मग डबा देतो.'"

"मग?"

"मग काय! चांगलं लांबलचक गानं होतं ते. माझं पंचिंग हुकलं की!"

आई हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि तेही पाहुण्यांसमोर. आत्या तिच्याकडे बघत राहिली. आईने तोंडाला पदर लावला, पण खांदे हलतच होते. मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. रिकाम्या बसमध्ये कुणापुढे हट्ट करायचा असतो?

आता पप्पा नाहीत. गाणी माझ्या फोनमध्ये आहेत. मला ती आवडतात, आईला अजून आवडत नाहीत.