अंगावर लावलेलं बटण

मालकांना लकवा झाला आणि उजवा हात गेला. जीभ शाबूत राहिली, तेवढी देवाची कृपा. तेव्हापासून त्यांना सदरा मीच घालते, पण बटणं ते हट्टानं स्वतः लावायचे. डाव्या हातानं एकेक चाचपत बसायचे, मी सदरा धरून उभी, आणि तिकडं माझी भाकरी करपायची. मग एक दिवस त्यांना न विचारताच मी सगळ्या सदऱ्यांची बटणं कापली, काजं शिवून बंद केली आणि चपलांना असतात तसल्या चिकटपट्ट्या लावल्या. नुसतं दाबलं की झालं. खोटं कशाला सांगू, मला लई बरं वाटलं.

एकदा पारावर बसले असताना उकडलं म्हणून मालकांनी गळ्याजवळची पट्टी ओढली. चर्रर्र आवाज झाला. कुणीतरी म्हणालं, सदरा फाटला का बाळाचा लंगोट सुटला? सगळे हसले, मालकही हसले म्हणे. दुसऱ्या दिवसापासून पारावर जाणं बंद. गुडघे दुखतात म्हणाले. मला शेजारणीनं सगळं सांगितलं होतं, तरी मी आपली गुडघ्यांना तेल चोळत राहिले. पट्ट्या काढायला हात उचलेना. सकाळची सवड गोड लागली होती ना.

शेवटी मनच खाऊ लागलं. तुळजापूरला गेले तेव्हा एका दुकानात म्हटलं, एका हाताला सापडंल असलं बटण दाखवा. त्यानं गोल, मागं कडी असलेली, कापडापासून जरा वर उभी राहणारी बटणं काढली. मावशी, ही बायकांच्या कुडत्याला लावतात, म्हणाला. म्हटलं, आमच्यात बाप्ये लावतात.

घरी येऊन एका सदऱ्याच्या पट्ट्या उसवल्या, काजं मोकळी केली आणि बटणं लावली. पण माझा हात पडला गोधडीचा. टाका म्हणजे ओढून घट्ट. कडी कापडात रुतली आणि बटण बोटाला सापडेना. परत उसवलं. मग टाके सैल घातले, कडीखाली दोऱ्याचे वेढे दिले, तेव्हा कुठं बटण मान वर काढून बसलं.

त्या रविवारी अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला निघालो. पुतण्याची जीप दारात उभी. मालक तोच सदरा घालून ओट्यावर बसले आणि वरचं बटण लावायला गेले, तर ते तुटून त्यांच्या हातात आलं. वेढ्यांच्या नादात माझी गाठच मारायची राहिली होती. ते म्हणाले, राहू दे, पट्टीचाच सदरा आण.

मी सुई ओवली. अंगावरचा कपडा शिवू नये म्हणतात. शिवायचाच तर घालणाऱ्यानं दातात काडी धरायची आणि दोरा तुटेपर्यंत बोलायचं न्हाय. कडब्याची काडी मोडून त्यांच्या दातात दिली.

ते गप्प झाले आणि मलाच वाचा फुटली. ते मधे बोलणार न्हायत, म्हणूनच धीर झाला असंल. म्हटलं, पट्ट्या तुमच्यासाठी न्हाय, माझ्या सोयीसाठी लावल्या होत्या. पारावर काय झालं ते बी मला ठाऊक होतं, गुडघ्याला तेल मी उगंच लावत होते. सगळं सुईकडं बघत सांगितलं, त्यांच्या तोंडाकडं न्हाय. दोन गाठी मारल्या आणि दोरा दातानं तोडला.

त्यांनी काडी काढली.

"मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला."

न्हाय म्हटलं तर खोटं झालं असतं. थोडा कंटाळा आला होता की. सवयीनं माझा हात बटणाकडं गेला. त्यांनी तो हळूच बाजूला सारला.

पुतण्या हॉर्न वाजवत होता. मालकांनी बटण धरलं, सुटलं, परत धरलं. शेवटी ते गेलं एकदाचं, पण वरचं काज सोडून खालच्या काजात. सदरा वाकडा बसला. मला दिसत होतं. ते तसेच जीपमधे चढले, आणि मी त्यांच्या शेजारी हात मांडीखाली दाबून बसले, पार अणदूर येईपर्यंत.