न्हाणीजवळचं मडकं

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या वैशालीला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल. माझा धीर एवढाच — अनोळखी माणसापुरता.

वैशाली कुरखेड्याची, मी नागभीडची. चंद्रपूरला एकाच कॉलेजात इतिहास शिकायचो, एका खोलीत राहायचो. एम.ए.च्या उन्हाळ्यात आम्हा दोघींची सायप्रसला उत्खननासाठी निवड झाली. आपली पोर माती उकरायला विमानाने जाणार, याची माझ्या बाबांना फार गंमत वाटली. माती इथे काय कमी आहे, म्हणाले.

तिथे पहिल्याच दिवशी मी एक बारीकसं खोटं बोलले. कुठली, असं विचारल्यावर नागपूरची म्हणाले. नागभीड कोणाला ठाऊक असणार — अशी मनाची समजूत घातली. वैशालीने मात्र कुरखेडा सांगितलं, जंगल सांगितलं, मोहफुलं वेचायला पहाटे उठावं लागतं तेही सांगितलं. मला तिची लाज वाटायची. हो, लाजच. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

खोदकाम संपत आलं तेव्हा एका जुन्या घराच्या जमिनीखाली मडकं लागलं. आंघोळीच्या जागेला लागून पुरलेलं, तोंडावर दगडाची चकती. आत नुसती माती. तपासायला न्यायची माती आधीच भरपूर साठली होती, म्हणून आमच्या प्रमुख बाई ही ढिगावर टाका म्हणणार होत्या. तेवढ्यात वैशाली बोलली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण सगळं बोलली. आमच्याकडे बाळ जन्मलं की त्याची वार अशीच मडक्यात घालून न्हाणीजवळ पुरतात, वर झाकण ठेवतात, बाळंतिणीच्या आंघोळीचं पाणी त्यावरून जातं. ही माती टाकू नका, तपासून बघा.

एक पोरगा हसला. फार वाईट हसला असंही नाही. बाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या — तुम्ही दोघी एकाच भागातल्या ना? तुमच्या घरी करतात असं? तू सांगशील तर ठेवून घेते.

आता ऐका. आमच्या नागभीडच्या घरी न्हाणीच्या दगडाशेजारी माझी वार पुरलेली आहे. डोळे मिटून जागा दाखवीन. माझ्या वाढदिवसाला आई तिथे हळदकुंकवाची चिमूट टाकते, आणि लहानपणी तिथे पाय पडू नये म्हणून मी उडी मारून पलीकडे जायचे.

"मी तरी असं कधी पाहिलं नाही," मी म्हणाले.

माझं इंग्रजी एरवी दहा ठिकाणी अडखळायचं. त्या दिवशी कुठेच अडलं नाही.

माती ढिगावर गेली. तिच्यात काही निघालं असतं का? कोण जाणे. निघालं नसतंच, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलंय. वैशाली नंतर रोजच्या बैठकीत एकदाही बोलली नाही. कोपऱ्यात खापरं धुवत बसायची.

इथवरच असतं तर भित्री होते म्हणून सोडून देता आलं असतं. पण परत आल्यावर कॉलेजात आमच्या अनुभवांचा कार्यक्रम ठेवला होता. आधी माझी पाळी. समोर सगळी आपलीच माणसं — इथे लाज कसली? उलट इथे तीच गोष्ट भाव खाऊन जाणार होती. मी मडक्याची गोष्ट सांगितली. माझ्या वारेची, आईच्या हळदकुंकवाची. साता समुद्रापार मला माझं अंगण भेटलं, असंही म्हणाले. टाळ्या पडल्या. एका सरांनी डोळे पुसले. वैशाली उठली, विमानातल्या जेवणाबद्दल चार वाक्यं बोलली आणि खाली बसली.

बसस्टँडवर तिने विचारलं, "तिथी काऊन नाई बोलली मंग?"

"मले बाईचा प्रश्नच नाई समजला वं," मी म्हणाले. "घाबरून गेली होती मी."

तिने ते खरं मानलं. वर माझ्याच पाठीवर हात ठेवला. "होते तसं. मले वाटलं, तुले माही लाज वाटली."

मी काय केलं? हसले. काहीतरीच तुझं, म्हणाले.

त्याला वर्षं झाली. वैशाली पुढे पुरातत्त्वाकडे गेली नाही, शाळेत शिकवते. त्या दिवसामुळे का, हे विचारायची माझी छाती नाही. आमचं जाणंयेणं आहे, दिवाळीला फराळाची देवाणघेवाण आहे. तिच्या लेखी मी तिची जिवाभावाची मैत्रीण.

मागच्या महिन्यात तिला मुलगी झाली. मी दवाखान्यात होते. वार घरी न्यायची होती. तिच्या सासूबाईंना गुडघ्यामुळे वाकता येत नाही. वैशाली खाटेवरून मला म्हणाली, "तूच ठेव. तुले मालूम हाये."

मी गेले. न्हाणीजवळ खड्डा तयार होता. मडकं ठेवलं, झाकण घातलं, हळदकुंकू वाहिलं, हातांनी माती ओढून दाबली. नखांत गेलेली माती दवाखान्यात परतेपर्यंत तशीच होती.

"नीट पुरलं ना?" वैशालीने विचारलं.

हो, म्हणाले. तेवढं मी तिला खरं सांगितलं.